हिंडलचा शेठ आणि साचेवाली फॅनी

नाटकातला गिरणीमालक आपल्याला पाठ आहे. एक तर मिशा पिळणारा राक्षस, नाहीतर वरून दगड आणि आतून लोणी. स्टॅन्ले हॉटन या इंग्रज नाटककाराने १९१२ साली ‘हिंडल वेक्स’मध्ये उभा केलेला नथॅनिअल जेफकोट या दोन्हींत बसत नाही. म्हणून दोस्तहो, त्याच्याकडे नीट बघा.

वेक्स म्हणजे लँकाशायरच्या गिरणगावांची वर्षाची सुट्टी. गावातल्या सगळ्या गिरण्या एकाच आठवड्यात बंद, आणि कामगार बायकापोरांसकट समुद्रावर. सुट्टीचा पगार नाही हां. वर्षभर पै पै साठवायची आणि तिथं उडवायची. हिंडल हे गाव नकाशात सापडणार नाही, पण तसली गावं तिकडे ढिगाने होती.

फॅनी हॉथॉर्न जेफकोटच्या गिरणीत साचे चालवते. तिचा बाप ख्रिस्तोफर त्याच गिरणीत सायझिंगला. मैत्रिणीबरोबर ब्लॅकपूलला जाते असं घरी सांगून पोरगी मालकाच्या पोराबरोबर, ॲलनबरोबर, दुसऱ्याच गावी राहून येते. मैत्रीण बोट बुडून मरते आणि खोटं उघडं पडतं.

बाप मालकाच्या दारात जातो. जेफकोट हा त्याचा जुना सोबती. पोरगा कुणाचा हे कळण्याआधीच तो शब्द देतो की त्याला लग्न करायला लावीन. मग कळतं, पोरगा आपलाच. तरी गडी शब्द फिरवत नाही. ॲलनचं लग्न दुसऱ्या एका बड्या मालकाच्या मुलीशी ठरलेलं, दोन इस्टेटी एक व्हायच्या. तेही मोडायला तयार. फॅनीशी लग्न कर, नाहीतर इस्टेटीतला छदाम मिळणार नाही.

माणूस प्रामाणिक आहे, यात वाद नाही. पण त्याचा न्यायसुद्धा हुकमासारखा सुटतो. बायकोला गप्प करतो, पोराला पैशानं दाबतो. दोन्ही घरं बसून लग्न ठरवतात, आणि जिचं लग्न तिला विचारायचं कुणाला सुचतच नाही. फॅनीच्या आईला तर जावयाची इस्टेट दिसत असते.

शेवटी फॅनी तोंड उघडते. म्हणते, मला नाही करायचं. त्याला जशी चार दिवसांची मौज हवी होती तशी मलाही हवी होती. घरातून काढलंत तरी साचे आहेत तोवर माझं पोट मी भरीन.

लंडनमध्ये यावर केवढा गहजब झाला! पण हे बळ काही आभाळातून पडलं नव्हतं. लँकाशायरात १८९२ पासून विणकामाच्या दरांचं एकच कोष्टक होतं, बाई असो की बाप्या, कापडाला दर तोच. विणकरांच्या युनियनमध्ये बायकाच जास्त. मताचा हक्क नव्हता, तो काही जणींना १९१८ साली आणि सगळ्यांना १९२८ साली मिळाला. पण साचा हातात होता.

आणि साचा म्हटलं की आपण इथं अडतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्याला मजुरी जास्त, आणि तेच खातं आपल्या माणसांना बंद. कारण काय, तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायचा. अस्पृश्याच्या थुंकीनं धागा बाटतो! अरे, लँकाशायरातही धागा तोंडानंच ओढत. तिथंही तक्रार झाली, पण रोगराईची, दात किडतात म्हणून. ती पद्धत तिथं १९५२ साली बंद झाली.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना धारेवर धरलं की विणाईखातं खुलं करण्याची मागणी यादीत घाला. लाल बावट्याच्या लोकांनी ती घातली, पण कुरकुरत. इथं दार अडवून उभा राहणारा जेफकोट एकटा नव्हता, शेजारच्या साच्यावरचा सवर्ण कामगारही होता. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब अजून तेच सांगत होते: मुंबईत काय आणि अहमदाबादेत काय, आपल्या माणसाला कताईखातंच, जिथं मजुरी सगळ्यात कमी.