भाजलेली माती, उकळलेलं पाणी



हरभऱ्याच्या रानात पुढच्या साली ज्वारी जोरात येते, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. त्याला आपण बेवड म्हणतो. भुईमूग उपटताना मुळांवरच्या बारीक गाठीही तुम्ही हजारदा पाहिल्या असतील. पण बेवडाचा आणि या गाठींचा संबंध आहे, हे जगातल्या शास्त्रज्ञांना कळायला १८८६ साल उजाडलं. उशीर का झाला, तर ते फार स्वच्छतेनं काम करत होते म्हणून! तीच गोष्ट आज सांगते.

फ्रान्समध्ये बुसँगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांची स्वतःची शेती होती. १८३८ च्या सुमारास त्यांनी मोजमाप करून दाखवलं, की गव्हात बियाण्याइतकंच नत्र राहतं, पण वाटाण्यात आणि क्लोव्हर नावाच्या चाऱ्यात ते वाढतं. ते येतं कुठून? हवेत शंभरातले ७८ भाग नत्रच आहे, पण ते झाडाला थेट घेता येत नाही. मग वाटाण्यानं कसं घेतलं?

लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथं लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५७-५८ मध्ये कडक परीक्षा घेतली. अमेरिकेहून आलेला प्यू नावाचा तरुण त्यांच्या मदतीला होता. माती भट्टीत भाजून घेतली, झाडांवर काचेची झाकणं घातली, आत जाणारी हवासुद्धा धुऊन सोडली. कुठूनही नत्राचा कण शिरू नये, एवढी काळजी. निकाल आला: कडधान्यालाही हवेतलं नत्र घेता येत नाही. प्रयोग इतका चोख, की त्याला खोटं कोण म्हणणार? शेतात मात्र क्लोव्हरनंतरचं पीक जोरातच येत राहिलं. शेतकऱ्याचा अनुभव एक आणि काचेतलं सत्य दुसरं, असं जवळजवळ तीस वर्षं चाललं. मला विचाराल तर या तीस वर्षांत शेतकरीच शहाणा ठरला.

मग जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी वाळूच्या कुंड्यांत पिकं घेतली. सातूला जेवढं नत्र द्यावं, तेवढाच तो वाढे. वाटाणा मात्र हिशेबात बसेना. शेजारशेजारच्या दोन कुंड्या, बी तेच, वाळू तीच; एक रोप पिवळं पडून मरे, दुसरं हिरवंगार. हिरव्याच्या मुळांवर गाठी, पिवळ्याच्या मुळांवर नाहीत. या गाठी काही नव्यानं दिसल्या नव्हत्या. सतराव्या शतकातच इटलीच्या मालपिगींनी त्यांची चित्रं काढली होती, पण झाडाला आलेली विकृती समजून.

हेलरीगेल यांनी शेतातली थोडी माती पाण्यात कालवली आणि ते गढूळ पाणी कुंडीत घातलं. वाटाणा तरारला. तेच पाणी उकळून घातलं, तर काही नाही. म्हणजे पाण्यात काहीतरी जिवंत होतं. रोथॅमस्टेडच्या भट्टीत नेमकं तेच भाजून गेलं होतं.

१८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा खुद्द गिल्बर्ट तिथं हजर होते. घरी परतल्यावर रोथॅमस्टेडनं मातीचं पाणी घालून पुन्हा प्रयोग केले आणि हेलरीगेल बरोबर असल्याचं मान्य केलं. प्यूला मात्र हे कधी कळलं नाही. तो १८६४ मध्येच वारला होता. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा वाढवून दाखवला. त्यालाच आपण रायझोबियम म्हणतो.

व्यवहार अर्धेलीचा आहे. झाड जिवाणूला साखर आणि राहायला गाठ देतं, जिवाणू हवेतलं नत्र झाडाला पचेल असं करून देतो. पण वाटेकरी कुणीही चालत नाही. वाटाण्याला लागू पडलेलं मातीचं पाणी ल्युपिन या दुसऱ्या शेंगवर्गीय पिकाला लागू पडत नाही, हेही हेलरीगेल यांनाच दिसलं होतं. म्हणून आज हरभऱ्याचं पाकीट वेगळं, सोयाबीनचं वेगळं. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा मात्र एकच गट.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं. गुळाच्या थंड पाण्यातून हलक्या हातानं चोळा आणि सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, हे शेवटी. पाकीट पत्र्याखाली उन्हात ठेवलं, की आपणही भट्टीच पेटवली म्हणायची!

फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप खुरप्यानं मातीसकट काढा. ओढलंत तर गाठी जमिनीतच राहतील. गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असेल आणि नखानं सहज निघाली, तर ती आपली. मूळच फुगलेलं असेल तर तो सूत्रकृमीचा रोग. गाठ फोडून बघा. आत गुलाबी लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आणि हरभरा काढताना जमलं तर मुळासकट उपटण्यापेक्षा विळ्यानं कापा. बरंचसं नत्र दाण्याबरोबर घरी येतंच, मुळांतलं तरी रानात राहू द्या.