उस्तादांचे पाते आणि ठिणगीची फट

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, दर्गे आणि लढाया आठवतात. गॅरेजचाही इतिहास असतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. शहापूरवरून कसारा घाटाकडे आणि मुरबाडवरून माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या ज्या हातांनी चालत्या ठेवल्या, त्यांत मुसलमान कारागिरांचे हात बरेच आहेत. आपला समाज नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर आणि वाहनदुरुस्तीसारख्या कामांवर अधिक विसंबून आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही नोंदवले. त्या हातांतले एक छोटे काम म्हणजे स्पार्क प्लग निवडणे आणि त्याची फट लावणे.

१८६० मध्ये लेन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. १९०२ मध्ये बॉश कंपनीतील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला. तेव्हापासून हा प्लग मोटारीत स्थिरावला. भारतात १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी उभी राहिली आणि गावोगावच्या मेकॅनिकच्या तोंडी तिचे नाव बसले.

आपल्या भागाचा संबंध कुर्ल्याशी. तिथल्या प्रीमियर कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. पॉइंट आणि कॉईलवर चालणाऱ्या त्या इंजिनाला साधारण ०.६ मिलिमीटर फट लागे. फिलर गेज हाताशी नसेल तर कारागीर हॅक्सॉ ब्लेड वापरत. त्या पात्याची जाडी ०.६३ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून अंदाज बरोबर येई. शागिर्दाला आकडा माहीत नसे, पाते माहीत असे.

निवड याहून अवघड. प्लग किती उष्णता धरून ठेवतो, यावर तो 'गरम' की 'थंड' हे ठरते. भरल्या गाडीने घाट चढायचा तर थंड प्लग बरा. शहरात रखडत चालणाऱ्या गाडीत तोच काजळी धरतो आणि गाडी मिसिंग मारते. गोंधळ आकड्यांचा आहे. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे २२५ हा १४५ पेक्षा थंड. नव्या पद्धतीत उलट, मोठा आकडा गरम. जपानी एनजीकेमध्ये मात्र मोठा आकडा थंडच. तोंडपाठ ज्ञान अशा ठिकाणी फसते.

काढलेला प्लग उस्ताद वाचतात. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील तपासा. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे इंजिन फार तापते.

फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले आणि प्लगवरचा शिशाचा थर संपला. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमुळे बऱ्याच गाड्यांची फट १ मिलिमीटरच्या घरात गेली. सीएनजीचे मिश्रण पेटायला अधिक दाबाची वीज लागते, म्हणून तिथे फट पुन्हा थोडी कमी ठेवतात. इरिडियम प्लगचे टोक इतके बारीक की त्यात पाते घालून ओढले तर मोडते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. ते पाते ज्या इंजिनासाठी होते, ते इंजिनच गेले.

मग उस्तादांचे ज्ञान वाया गेले का? प्लगचा रंग वाचणारी नजर आजही लागते. पण फट किती हे आता गाडीच्या पुस्तिकेत बघावे लागते, आणि ती पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. आपल्या शाळेतला मुलगा सातवीनंतर गॅरेजात जातो, तेव्हा त्याच्या हाताला पाना मिळतो आणि पुस्तक सुटते. वीस वर्षे काम करूनही त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. गॅरेजात जाणे कमीपणाचे नाही. त्याला आयटीआयचे दार दाखवा, आणि उस्तादांना जे येते ते उर्दूत, मराठीत लिहून घ्या. उस्ताद आहेत तोवरच हे होईल.