औट्रम घाटाच्या आधीचा घाट

चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा डोंगरी रस्ता साऱ्या खानदेशाला ‘औट्रम घाट’ म्हणून ठाऊक आहे. घाट ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जेम्स औट्रम १८२५ मध्ये खानदेशात आला, तेव्हा त्याचे वय जेमतेम बावीस वर्षांचे होते. या डोंगरातून माणसे, बैल आणि माल यांची ये-जा मात्र त्याच्या आधी किमान दोन हजार वर्षे चालू होती. हा धागा त्या जुन्या वाटेविषयी आहे.

प्रथम भूगोल. सातमाळा-अजिंठ्याची रांग ही खानदेश आणि मराठवाडा यांच्यामधली भिंत आहे. उत्तर उतारावरचे पाणी गिरणेतून तापीला मिळून अरबी समुद्रात जाते. दक्षिण उतारावरचे गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. पैठणचा माल भडोचच्या बंदरावर न्यायचा तर ही भिंत कुठेतरी ओलांडणे भागच होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी वाटाडी लिहिली. त्यात पैठण हे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. पैठणहून गोमेद जातीचे खडे मोठ्या प्रमाणात येत, तर तगर, म्हणजे आजचे तेर, येथून जाडेभरडे कापड आणि तलम वस्त्रे येत. हा सारा माल गाड्यांतून, आणि ज्यांना धड रस्ता म्हणता येणार नाही अशा विस्तीर्ण मुलखातून उतरत असे, असेही तो लिहितो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत अकीक, गोमेद यांसारखे खडे तयार होतात, हे शेतात नांगर धरणाऱ्या इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. तेच खडे समुद्रापलीकडे रोमन जगात अंगठ्या आणि पेले होऊन मिरवत होते.

आज ही वाट पाहायची तर जीप आणि पाय दोन्ही लागतात. चाळीसगावच्या नैऋत्येस सुमारे अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. तिथपर्यंत गाडी जाते. पुढे दरीतून वर चढणारी पायवाट पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे नेते. गाडीनेच लेणी गाठायची तर औट्रम घाट चढून, कन्नड तालुक्यातून मोठा वळसा घालून माथ्यावरून यावे लागते. या फरकातच वाटेचा इतिहास दडलेला आहे. आज माथ्यावरून ‘आडबाजूला’ वाटणारी ही लेणी खालून चढणाऱ्या पांथस्थाच्या थेट वाटेवर आहेत.

पितळखोरे ही इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली बौद्ध लेणी. दारावर भालाईत द्वारपाल, जोत्यावर हत्तींची रांग, आणि कातळात आतून खोदलेल्या नाळीतून पाणी येऊन नागाच्या फण्यांतून पडावे अशी योजना. परंतु वाटेच्या इतिहासासाठी सर्वांत मोलाचे आहेत ते तिथले छोटे ब्राह्मी लेख. चैत्यगृहातल्या एका स्तंभाचे दान पैठणच्या मितदेवाचे आहे. त्याचे कूळ गंधिकांचे, म्हणजे अत्तर व सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांचे. दुसरा स्तंभ पैठणच्याच संघकाच्या मुलांचा. विहारातल्या लेखांत मगिल नावाचा राजवैद्य आणि त्याची मुले दाते म्हणून येतात. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली येथील ढिगारा उपसला गेला, तेव्हा एक बुटका, हसरा यक्ष सापडला. त्याच्या तळहाताच्या मागच्या बाजूस घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, व्यवसायाने सोनार. हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुगंधी, वैद्य, सोनार: राजा-महाराजांपेक्षा हीच मंडळी या डोंगरात आपली नावे ठेवून गेली.

आता पुन्हा पायथ्याशी, पाटण्याला. बाराव्या-तेराव्या शतकात येथे यादवांचे मांडलिक निकुंभ राज्य करीत. शके १०७५ चा त्यांचा एक लेख महादेवाच्या देवळात आहे. याहून प्रसिद्ध लेख देवीच्या देवळातला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सह त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापला आणि निकुंभ सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले.

या लेखाचा संस्कृत भाग बहुतेक ठिकाणी उद्धृत होतो. शेवटचा भाग मराठीत आहे, आणि तो बाजाराचा आहे. पाटणच्या पेठेत जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला आहे. जितके तेलघाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाचे. जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजायचे. ग्रहगणिताची शाळा चालली ती पेठेतल्या करावर आणि घाण्याच्या तेलावर. घाटाच्या तोंडाशी वसलेल्या गावात माल उघडत होता, म्हणून हे दान शक्य झाले. राजाच्या औदार्याचे कौतुक करताना हा हिशेब सहसा सुटतो.

मधली शतके ओलांडून १८१८ कडे येऊ. पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. मुलूख उद्ध्वस्त होता: होळकरांच्या फौजांची धामधूम आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. या डोंगरातल्या वाटा भिल्ल नाईकांच्या राखणीखाली होत्या. घाट राखायचा, प्रवाशाला सुखरूप पार करायचे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, ही जुनी व्यवस्था. व्यवस्था मोडली, हक्क बुडाले, तेव्हा राखणदारच वाटमारे ठरले. कॅप्टन ब्रिग्जने घाटांची नाकेबंदी करून पाहिली. ती पुरेशी ठरली नाही. दक्षिण उतारापलीकडे निजामाचा मुलूख सुरू होई आणि सरहद्द ओलांडणे डोंगरातल्या माणसाला अवघड नव्हते.

१८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. कन्नडला कॅप्टन ओव्हान्स बसला. जमिनी, तगाई, बैल देऊन भिल्लांना शेतीवर बसवणे हे त्याचे काम. औट्रमने धरणगावला ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभारली. तो भिल्लांबरोबर शिकार करी, त्यांच्यात राही, हे खरे. पण त्याच्या चरित्रांतून उभे राहणारे ‘रानटी लोकांना माणसाळवणारा शूर साहेब’ हे चित्र एका गोष्टीवर पांघरूण घालते. ज्यांना त्याने पगारी पहारेकरी केले, ते पिढ्यान्‌पिढ्या याच घाटांचे पहारेकरी होते. बदलला तो धनी, आणि हक्काच्या जागी पगार आला. ही पलटण पुढे पोलीस दलात विलीन झाली. साहेबाचे नाव मात्र घाटाला चिकटून राहिले.

१८६० च्या दशकाच्या आरंभी रेल्वे चाळीसगावला पोहोचली आणि घाटाचे तोंड भडोचऐवजी स्टेशनकडे वळले. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटाही सुरू झाला. पाटण्याच्या दरीतली वाट यानंतर देवीच्या भाविकांची आणि गुराख्यांची उरली. १९८६ मध्ये भोवतालचे सुमारे २६० चौरस किलोमीटर जंगल गौताळा-औट्रमघाट अभयारण्य म्हणून घोषित झाले; अभयारण्याच्या नावातही साहेब आहेच, पाटण नाही.

डांबरी घाटाचे दिवसही फार सुखाचे नाहीत. २०२१ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीत दरडी कोसळून तो बंद पडला आणि खाली चाळीसगावात पूर आला. रोजच्या कोंडीला कंटाळलेल्यांची दाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेली आणि २०२३ च्या ऑगस्टपासून अवजड वाहनांना येथे बंदी झाली. धुळे-सोलापूर मार्गावरचे मालाचे ट्रक तेव्हापासून लांबच्या वळणाने जातात. बोगद्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. पाटण्याच्या बाजूला पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा वाहू लागला की लोक जीपने पायथ्यापर्यंत येतात, आणि त्यांतले थोडे मितदेवाच्या स्तंभाकडे जाणारी चढण पायी चढतात.