विद्यापीठ परिसरातील आवाज, माहिती व सुरक्षा यांची जाळी : व्यवस्थापनाचा ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : मराठवाडा विभाग व फुलंब्री)

प्रस्तावना :
दि. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याचा मुख्य परिसर औरंगाबाद लेण्यांच्या पायथ्याशी आहे. संलग्न महाविद्यालये मात्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील फुलंब्री हे त्यांपैकीच एक तालुक्याचे ठिकाण होय. आवाज, माहिती व सुरक्षा ही तीन जाळी अशा परिसरांत केव्हा आली आणि त्यांची जबाबदारी कोणाकडे राहिली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आवाजाचे जाळे :
मुंबईत टेलिफोन केंद्र १८८२ मध्येच सुरू झाले असले, तरी ग्रामीण भागात दूरध्वनी रुजण्यास शतक लोटावे लागले. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली व १९८६ पासून वातानुकूलनाशिवाय चालणारी तिची ग्रामीण स्वयंचलित केंद्रे बसू लागली. मोठ्या परिसरांत ईपीएबीएक्स व इंटरकॉम आले; लहान महाविद्यालयात प्राचार्यांच्या टेबलावरील एकच दूरध्वनी पुरेसा मानला जाई. व्यवस्थापन सोपे होते. बाहेरील तार दूरसंचार विभागाची, देयक कार्यालयाचे आणि बिघाडाची तक्रार करणे लिपिकाचे काम. जबाबदारी कोणाची, हा प्रश्नच उद्भवत नसे.

माहितीचे जाळे :
भारतातील शैक्षणिक संगणक-जाळ्याचा आरंभ १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्पाने झाला. त्यातील आठ सहभागी संस्थांमध्ये मुंबईच्या एनसीएसटी व आयआयटी या दोन संस्था होत्या. ग्रंथालये जोडण्यासाठी १९९१ मध्ये सुरू झालेला इन्फ्लिबनेट प्रकल्प प्रारंभी पुण्याच्या आयुका या संस्थेअंतर्गत होता. १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र बनला. दि. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. डिसेंबर २००२ मध्ये यूजीसी-इन्फोनेटचे उद्घाटन झाले व विद्यापीठे अर्नेटच्या आधारे जोडली जाऊ लागली.

महाविद्यालयांची पाळी २००९ च्या राष्ट्रीय शिक्षण अभियानात आली. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानावर आधारित या अभियानात विद्यापीठास १ जीबीपीएस, तर महाविद्यालयास ५१२ केबीपीएस वेगाच्या कमाल २० जोडण्या देण्याची योजना होती. सर्व २० जोडण्या एकत्र धरल्या तरी त्यांचा वेग सुमारे १० एमबीपीएस, म्हणजे विद्यापीठाच्या जोडणीचा केवळ शतांश भरतो. विद्यापीठ व तालुक्याचे महाविद्यालय यांतील अंतर या एका आकड्यातून स्पष्ट होते.

सुरक्षेचे जाळे :
परिसराची सुरक्षा दीर्घकाळ पहारेकरी, फाटक व नोंदवही यांवर अवलंबून होती. पुढे कॅमेरे व बायोमेट्रिक हजेरी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विद्यार्थी-सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांनी या साधनांस चालना दिली. ही खरेदी प्रायः सुरक्षा वा बांधकामाच्या खर्चातून होई; संगणक विभागाशी तिचा संबंध अल्पच असे.

तीन जाळ्यांचे एकत्रीकरण :
१९९८ मधील व्हीलॅन मानकामुळे एकाच जाळ्याचे अनेक स्वतंत्र भाग पाडता येऊ लागले. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीस अनुमती मिळाली. २००३ च्या मानकाने माहितीच्या केबलमधूनच दूरध्वनी व कॅमेऱ्यास वीज पुरविणे शक्य केले. परिणामी तिन्ही जाळी एका स्विचवर आली. ज्या परिसरात हे घडले, तेथे स्विच बंद पडला की आवाज, माहिती व पहारा एकाच वेळी थांबू लागला. शिवाय भाग न पाडता जोडलेल्या जाळ्यात, कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेला एखादा कॅमेरा परीक्षा विभागाच्या संगणकापर्यंत पोहोचण्याची वाट ठरू शकतो.

यंत्रे एकत्र आली, परंतु जबाबदारी एकत्र आली नाही. दूरध्वनी कार्यालयाकडे, इंटरनेट ग्रंथालयाकडे किंवा संगणकाच्या प्राध्यापकाकडे आणि कॅमेरे ठेकेदाराकडे, अशी विभागणी राहिली. अनुदानित महाविद्यालयांच्या पारंपरिक पदरचनेत लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय परिचर व शिपाई आहेत. जाळे सांभाळणाऱ्यास त्यात स्थान नव्हते. मोठे विद्यापीठ ही उणीव स्वतंत्र कक्षाद्वारे भरून काढू शकते. फुलंब्रीसारख्या ठिकाणी ते काम अध्यापन सांभाळून एखाद्या उत्साही शिक्षकाने करावे लागते, आणि त्याची बदली वा निवृत्ती झाली की पासवर्डसह सारे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

दरम्यान कायद्याची अपेक्षा वाढली आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना ६ तासांत कळविणे व नोंदी १८० दिवस जतन करणे अपेक्षित आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. वरिष्ठ महाविद्यालयास जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतांश विद्यार्थी याच वयाचे असतात.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, शासकीय योजनांनी जाळे महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आणले. फाटकाच्या आतील व्यवस्थापन मात्र कोणत्याही योजनेचा केंद्रबिंदू झाले नाही. नवीन उपकरणाच्या खरेदीआधी प्रत्येक महाविद्यालयाने तीन गोष्टी कराव्यात : तिन्ही जाळ्यांसाठी एक उत्तरदायी व्यक्ती नेमावी, जोडण्यांचा नकाशा व पासवर्डची नोंद कार्यालयाच्या ताब्यात सुरक्षित ठेवावी आणि परीक्षा, कॅमेरे व विद्यार्थ्यांचे वायफाय यांचे भाग वेगळे करावेत. यांस खर्च अल्प लागतो. ज्या विद्यार्थ्याचे गुण, छायाचित्र व बोटाचा ठसा महाविद्यालयाने घेतला आहे, त्याच्याप्रती असलेले हे किमान उत्तरदायित्व होय.