वाटीभर तांदूळ म्हणजे किती ग्रॅम?

स्वयंपाकघरात तांदूळ वाटीने मोजले जातात, दुकानात मात्र ते किलोने मिळतात. वाटी हे आकारमानाचे माप, तर ग्रॅम हे वजनाचे. एकातून दुसऱ्यात जाताना हिशेब चुकला, तर भात कच्चा राहतो किंवा त्याचा लगदा होतो. पंगत मोठी असल्यास नुकसानही मोठे होते.

जुनी मापे

निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही धान्य मोजण्याची जुनी मापे आकारमानाचीच होत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, असा त्यांचा क्रम. वजनाचा शेर मात्र वेगळा. ८० तोळ्यांचा तो शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. जुन्या पाककृतीत ‘शेरभर तांदूळ’ असा उल्लेख आढळल्यास तो मापी शेर की वजनी, हे आधी पाहावे लागते.

रूपांतराचे सूत्र

कोरड्या तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा असते. त्यामुळे एक लिटर मापात साधारण ७७० ते ८४० ग्रॅम तांदूळ मावतात. लांब दाण्याचे तांदूळ या मर्यादेच्या खालच्या टोकाला, तर आखूड दाण्याचे वरच्या टोकाला असतात. व्यवहारात मिलिलिटरच्या आकड्याला ०.८ ने गुणले, की ग्रॅम मिळतात.

• १५० मिलिलिटरची वाटी : सुमारे १२० ग्रॅम
• १८० मिलिलिटरचा कप (विजेच्या राइस कुकरसोबत मिळणारा) : सुमारे १४५ ग्रॅम
• २४० मिलिलिटरचा कप : सुमारे १९० ग्रॅम

वीस जणांसाठी माणशी १०० ग्रॅम धरल्यास दोन किलो, म्हणजेच मापाने अडीच लिटर तांदूळ लागतात.

पाण्याचे प्रमाण

सर्वाधिक चूक येथेच होते. ‘एकास दोन पाणी’ हे प्रमाण वाटीचे आहे, वजनाचे नव्हे. २४० मिलिलिटर तांदळाला ४८० मिलिलिटर पाणी लागते. पण ते तांदूळ १९० ग्रॅमच भरतात. म्हणजे वजनाने हे प्रमाण एकास अडीच होते. १९० ग्रॅम तांदळाला ३८० मिलिलिटरच पाणी घातले, तर दाणा टणक राहतो. गोव्यातील उकड्या तांदळाला याहूनही अधिक पाणी व वेळ लागतो, आणि पेजेसाठी तर कितीतरी जास्त.

घरची वाटी कशी तपासावी?

वाट्यांचे आकार घरोघरी वेगळे असतात. वाटी काठोकाठ पाण्याने भरून त्या पाण्याचे वजन करावे. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग वाटी पुसून कोरडी करावी, तांदळाने भरावी, वरची शीग सपाट करावी आणि तांदळाचे वजन करावे. हा आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवल्यास पुन्हा मोजावे लागत नाही. वाटी आपटून भरू नये, कारण दाणे दबून वजन वाढते. वजन नेहमी कोरड्या तांदळाचेच करावे. भिजलेले तांदूळ पाणी शोषून जड होतात.

पोहे, रवा व तांदळाचे पीठ यांना मात्र हे सूत्र लागू नाही. तांदळाचे पीठ २४० मिलिलिटरच्या कपात सुमारे १६० ग्रॅमच मावते, तर पोहे त्याहूनही हलके असतात.