आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांची पात्रता आणि भारत : एक ऐतिहासिक विवेचन
(नेरूळ, जानेवारी २०२२ च्या विशेष संदर्भात)

सारांश : राष्ट्रीय फुटबॉल संघाला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश तीन मार्गांनी मिळू शकतो : प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीमुळे, यजमानपदामुळे आणि प्रत्यक्ष सामने जिंकून. प्रस्तुत निबंधात या मार्गांना अनुक्रमे अनायास, यजमान आणि अर्जित पात्रता असे संबोधले असून, १९५० ते २०२५ या कालखंडातील भारतीय संघांच्या वाटचालीचा त्या दृष्टीने आढावा घेतला आहे. नेरूळ येथील २०२२ ची घटना हा या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे.

बीजसंज्ञा : पात्रता, यजमानपद, माघार, आशियाई चषक, महिला फुटबॉल.

१. प्रस्तावना

पनवेलहून मुंबईकडे जाणारी हार्बर मार्गाची लोकल नेरूळला पोहोचते, तेथून जवळच सायन-पनवेल महामार्गालगत डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुल उभे आहे. २००८ साली सुरू झालेले हे मैदान सामान्यतः क्रिकेटसाठी ओळखले जाते. तथापि फुटबॉलच्या इतिहासातही त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातील स्पेन व माली यांच्यातील उपांत्य सामना येथे झाला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना येथेच होऊन स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव केला. या दोन स्पर्धांच्या दरम्यान, जानेवारी २०२२ मध्ये, याच मैदानावर भारतीय महिला संघाची विश्वचषकाची वाट बंद झाली, आणि तीही सामना न हरता.

मराठीत 'पात्रता' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ प्रवेशाचा अधिकार हा होय, तर दुसरा अर्थ अंगची योग्यता असा आहे. क्रीडासंस्थांच्या नियमावलीत पहिला अर्थ अभिप्रेत असतो, प्रेक्षकाच्या मनात मात्र दुसरा असतो. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात हे दोन अर्थ फार क्वचित एकत्र आले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(अ) पात्रता-पद्धतीच्या विकासाचा संक्षिप्त परिचय करून देणे. (आ) भारतीय संघांना मिळालेल्या प्रवेशांचे वर्गीकरण करणे. (इ) २०२२ च्या घटनेचा अन्वयार्थ लावणे. यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, निवडक स्पर्धांचाच विचार केला आहे.

३. पात्रता-पद्धतीचा उदय

१९३० साली उरुग्वे येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकास पात्रता फेरी नव्हती. त्यात तेरा संघ निमंत्रणावरून सहभागी झाले. १९३४ च्या इटलीतील स्पर्धेसाठी प्रथमच पात्रता सामने घेण्यात आले आणि खुद्द यजमान इटलीलाही ग्रीसविरुद्ध पात्रता सामना खेळावा लागला. १९३८ पासून यजमान व गतविजेता या दोघांना थेट प्रवेश देण्याची प्रथा पडली. त्यांपैकी गतविजेत्याची सवलत २००६ च्या स्पर्धेपासून रद्द झाली, यजमानाची मात्र आजतागायत टिकून आहे.

आज पात्रतेचे व्यवस्थापन मुख्यतः खंडीय महासंघांकडे असते. आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना १९५४ साली झाली. विश्वचषकातील जागा खंडनिहाय वाटल्या जातात आणि प्रत्येक खंड आपापल्या संघांमध्ये फेऱ्या घेतो. जागतिक क्रमवारीनुसार मानांकन ठरते. तळाच्या संघांना पहिल्या फेरीपासून खेळावे लागते, तर वरच्या संघांना पुढील फेरीत थेट स्थान मिळते. त्यामुळे वर्षानुवर्षे नियमित सामने खेळणाऱ्या देशाला सोपा गट मिळण्याची शक्यता वाढते. २०२६ च्या पुरुष विश्वचषकात संघांची संख्या ३२ वरून ४८ झाली आणि आशियाच्या थेट जागा आठ झाल्या.

४. अनायास पात्रता : १९५० ते १९६४

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ साली स्थापन झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सविरुद्ध १-२ असा निसटता पराभव पत्करला. त्यानंतर १९५० च्या ब्राझील विश्वचषकासाठी भारताचा समावेश ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांच्या गटात झाला. या तिन्ही देशांनी माघार घेतल्याने भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. मात्र भारतानेही ब्राझीलला संघ पाठविला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई असल्याने भारत गेला नाही, ही कथा लोकप्रिय असली तरी ती एकमेव कारण म्हणून स्वीकारता येत नाही. दीर्घ सागरी प्रवास, सरावाचा अभाव, निवडीविषयीचे मतभेद आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला दिलेले महत्त्व ही कारणे अधिक सयुक्तिक वाटतात. हाती आलेल्या अधिकाराचे मोल त्या काळी कोणाच्या लक्षात आले नाही, हे त्यातील मर्म होय. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत प्रत्यक्ष मैदानात उतरला तो थेट १९८५ साली.

तथापि अनायास मिळालेला प्रवेश नेहमीच वाया गेला असे म्हणता येणार नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या माघारीमुळे भारत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल करून ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळवून दिला व अखेरीस भारत चौथा आला. १९६४ च्या आशियाई चषकातही गटातील अन्य संघांच्या माघारीमुळे भारताला प्रवेश मिळाला, आणि तेथे भारत उपविजेता ठरला. या दोन्ही प्रसंगी अधिकार अनायास मिळाला असला तरी योग्यता अंगी होती. १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदके त्याची साक्ष देतात.

५. अर्जित पात्रतेचा मार्ग

१९७० च्या दशकापासून आशियातील अन्य देश पुढे गेले आणि भारताला प्रत्येक प्रवेशासाठी झगडावे लागले. १९८४ च्या आशियाई चषकासाठी भारत कोलकाता येथील पात्रता सामन्यांतून पात्र ठरला. त्यानंतर या स्पर्धेत परतण्यास २०११ साल उजाडले. तो प्रवेशही १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीत ताजिकिस्तानवर ४-१ असा विजय मिळवून जिंकलेल्या एएफसी चॅलेंज चषकामुळे, म्हणजेच विकसनशील संघांसाठी राखलेल्या वाटेने झाला. २०१९ पासून आशियाई चषकात १६ ऐवजी २४ संघ झाले. भारत २०१९ व २०२३ च्या स्पर्धांसाठी पात्र ठरला खरा, परंतु दार रुंद झाल्याने आत जाणे सोपे झाले की योग्यता वाढली, हा प्रश्न उरतोच. २०२३ ची स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे झाली. तीत भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही.

पुढील घटनाक्रम या प्रश्नाचे उत्तर सूचित करतो. २०२६ च्या विश्वचषकाच्या दुसऱ्या फेरीत चार संघांच्या गटातून दोघांना पुढे जाता येत होते, आणि त्या दोघांना २०२७ चा आशियाई चषकही खुला होता. भारताने कुवेतमध्ये विजय मिळवून आश्वासक प्रारंभ केला, परंतु मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ असा पराभव झाला. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी आणि दोह्यात कतारकडून वादग्रस्त गोलामुळे अधिकच सलणारा १-२ असा पराभव यांनंतर ती वाट बंद झाली. आशियाई चषकाच्या अखेरच्या फेरीत गटविजेत्यालाच प्रवेश होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर आघाडी घेऊनही भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि तीही संधी गेली.

६. यजमान पात्रता आणि नेरूळची घटना

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारत यजमान म्हणून खेळला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. दिल्लीतील तिन्ही सामन्यांत पराभव झाला, तरी कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केलेला गोल भारताचा या स्पर्धेतील पहिला गोल ठरला. २०२२ च्या मुलींच्या स्पर्धेतही यजमान भारताने अमेरिका, मोरोक्को व ब्राझील यांच्याकडून मोठे पराभव स्वीकारले. यजमानपदामुळे मैदाने उभी राहतात, मुलांना प्रेरणा मिळते, हे नाकारता येत नाही. परंतु यजमानपदाचा आधारही अढळ नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक महासंघाने बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून भारतीय महासंघास निलंबित केले, तेव्हा मुलींची ती स्पर्धाच धोक्यात आली होती. सुमारे दोन आठवड्यांनी निलंबन मागे घेण्यात आले.

या पार्श्वभूमीवर २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात नवी मुंबई, मुंबई व पुणे येथे झालेल्या महिला आशियाई चषकाकडे पाहावे लागते. बारा संघ, तीन गट आणि त्यांतून आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत, अशी रचना होती. उपांत्यपूर्व सामना जिंकणारा प्रत्येक संघ थेट २०२३ च्या विश्वचषकास पात्र ठरणार होता. हरणाऱ्यांसाठीही आणखी एक फेरी राखून ठेवलेली होती. यजमान म्हणून प्रवेश मिळालेल्या भारतासाठी विश्वचषक याआधी कधीही इतका जवळ आला नव्हता.

२० जानेवारी रोजी नेरूळला भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. २३ जानेवारी रोजी चायनीज तैपेईविरुद्धचा सामना निर्णायक ठरणार होता. परंतु संघात कोविडचा प्रादुर्भाव झाल्याने नियमानुसार आवश्यक असलेले किमान तेरा खेळाडू भारताला उपलब्ध करून देता आले नाहीत. सामना रद्द झाला. स्पर्धेच्या नियमांनुसार भारताने माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणविरुद्धची बरोबरीही रद्दबातल ठरली. निकालाच्या तक्त्यात यजमान संघाचा एकही सामना उरला नाही.

याच स्पर्धेत पुढे जे घडले ते इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावे असे आहे. पुण्याजवळील बालेवाडीच्या मैदानावर फिलिपिन्सने पेनल्टींवर चायनीज तैपेईचा पराभव केला आणि प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळविला. व्हिएतनामनेही महाराष्ट्रातील याच स्पर्धेतून आपला पहिला विश्वचषक गाठला. १९५० साली ज्या फिलिपिन्सच्या माघारीमुळे भारताला अनायास पात्रता मिळाली होती, त्याच देशाच्या महिलांनी, भारताची माघार नोंदली गेली त्याच स्पर्धेत, अर्जित पात्रता मिळविली. पुढे २०२३ च्या विश्वचषकात त्यांनी यजमान न्यूझीलंडलाही हरविले.

या घटनेत भारतीय खेळाडूंचा दोष नव्हता, हे आवर्जून नमूद करावयास हवे. थॉमस डेनर्बी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मेहनतपूर्वक तयारी केली होती. परंतु संपूर्ण आशा एका स्पर्धेतील दोन-तीन सामन्यांवर विसंबून असली की एका आजारपणाने वर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात. सामने वर्षभर खेळणाऱ्या देशाला एक संधी हुकली तरी दुसरी असते, केवळ यजमानपदावर विसंबून असणाऱ्याला ती नसते.

७. चिआंग माई, २०२५

१९८० च्या दशकाच्या आरंभी आशियात दोनदा उपविजेता ठरलेला भारतीय महिला संघ २००३ नंतर आशियाई चषकात केवळ यजमान म्हणून दिसला होता. २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील स्पर्धेसाठी आठ गटांतील केवळ विजेत्यांना प्रवेश होता. भारताने थायलंडमध्ये मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक यांच्यावर सहज विजय मिळविले. ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे निर्णायक सामन्यात क्रमवारीत वरच्या स्थानावर असलेल्या यजमान थायलंडचा २-१ असा पराभव केला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. पात्रता फेरीतून या स्पर्धेत प्रवेश मिळविण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी वीस व सतरा वर्षांखालील मुलींच्या संघांनीही आपापल्या आशियाई स्पर्धांसाठी पात्रता मिळविली. एकाच वर्षी तीन संघांनी केलेली ही कामगिरी योगायोग मानता येणार नाही. २०१६-१७ पासून सुरू असलेली राष्ट्रीय महिला लीग आणि वयोगटानुसार होणारी संघबांधणी यांचा त्यात वाटा आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९५० ते १९६४ या काळात भारताला अधिकार अनायास मिळाला, आणि जेथे संघ मैदानात उतरला तेथे योग्यतेने त्याची भरपाई केली. १९५० साली तो उतरलाच नाही.

२. यजमानपदाने मिळालेला अधिकार योग्यतेच्या मार्गातील एक टप्पा असू शकतो, पर्याय नव्हे. २०२२ च्या घटनेने ही मर्यादा स्पष्ट केली.

३. स्पर्धांमधील संघसंख्या वाढल्याने दार रुंद होते, परंतु २०२४ व २०२५ मधील पुरुष संघाचे अपयश दर्शविते की रुंद दारातूनही चालत जावे लागते.

४. २०२५ मधील महिला संघाच्या यशात अधिकार आणि योग्यता हे पात्रतेचे दोन्ही अर्थ दीर्घ काळानंतर एकत्र आले.

पनवेल परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या निष्कर्षांना व्यावहारिक अर्थही आहे. आपल्या विद्यार्थ्यांना नेरूळचे मैदान जवळ आहे, जागतिक सामने तेथे होऊन गेले आहेत. परंतु मैदान जवळ असणे हेही एक प्रकारचे यजमानपदच होय. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठवड्यापुरता संघ जमविण्याऐवजी मुलामुलींना वर्षभर नियमित सामने मिळतील अशी व्यवस्था करणे, मुलींच्या संघास मुलांइतकाच मैदानाचा वेळ देणे, आणि क्रीडाशिक्षकाच्या कामाकडे अभ्यासेतर बाब म्हणून न पाहणे, एवढे प्रत्येक महाविद्यालयाच्या हाती आहे. अर्जित पात्रतेचा प्रारंभ राष्ट्रीय संघापासून होत नाही, तो अशाच मैदानांवर होतो.