रिलॅक्सरने घरच्या घरी केस सरळ करताना घ्यावयाची दक्षता

घट्ट कुरळे केस कायमचे सरळ करणाऱ्या ‘रिलॅक्सर’ची गणना सौंदर्यप्रसाधनांत होत असली, तरी त्याचा मुख्य घटक तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या कुळातला आहे. हे मलम नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ डोक्यावर राहिल्यास त्वचेला भाजल्यासारख्या जखमा होतात, डोळ्यात गेल्यास दृष्टीला धोका पोहोचतो आणि चुकीच्या केसांवर लावल्यास केस तुटून हातात येतात. तरीही अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि आफ्रिका खंडातील अनेक देशांत असंख्य स्त्रिया ते घरी, स्वतःच्या हाताने लावत आल्या आहेत. भारतातही असे संच ऑनलाइन दुकानांतून मागविता येतात. येथे मात्र एक वेगळा धोका संभवतो. त्याचा उल्लेख पुढे येईल.

या रसायनाचा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाशी निगडित आहे. वाहतूक सिग्नलचे १९२३ चे एक पेटंट ज्यांच्या नावावर आहे, त्या क्लीव्हलंडच्या गॅरेट मॉर्गन (१८७७-१९६३) यांनीच केस सरळ करणारे मलमही बाजारात आणले होते. शिवणयंत्राच्या सुईसाठी द्रव तयार करताना त्यामुळे लोकरीचे तंतू सरळ झालेले त्यांना दिसले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे तरुण पुरुष कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी यांचा लगदा घरीच कालवून डोक्याला लावू लागले. ‘कॉन्क’ नावाच्या या केशरचनेपायी सोसाव्या लागणाऱ्या वेदनांचे वर्णन माल्कम एक्स यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आढळते. सरळ केसांशिवाय नोकरीत निभाव लागणार नाही, ही धास्ती अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांनी वर्षानुवर्षे बाळगली. नैसर्गिक केशरचनेवरून होणाऱ्या भेदभावास मनाई करणारा अमेरिकेतील पहिला राज्यस्तरीय कायदा कॅलिफोर्नियात झाला, तोही २०१९ मध्ये. त्यामुळे रिलॅक्सरचा वापर ही केवळ नटण्यामुरडण्याची हौस आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अभिनेते क्रिस रॉक यांच्या २००९ मधील ‘गुड हेअर’ या माहितीपटात शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा या रसायनात विरघळताना दाखविला आहे. भारतातील देवस्थानांत भाविकांनी अर्पण केलेले केस परदेशी बाजारात कसे पोहोचतात, हेही त्याच माहितीपटात पाहावयास मिळते.

डब्यात नेमके काय असते?

केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या अणूंच्या जोड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि केसाचा आकार बऱ्याच अंशी या बंधांवर टिकून असतो. हायड्रॉक्साइड वर्गातील रिलॅक्सर या जोडीतील एक अणू काढून टाकतो. बंधाचे स्वरूपच बदलल्यामुळे तो पूर्ववत होऊ शकत नाही. हे साधण्यासाठी मलमाचा सामू, म्हणजे पीएच, साधारणतः १२ ते १४ इतका ठेवावा लागतो. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास असतो आणि सामूच्या मापनात प्रत्येक अंकागणिक तीव्रता दहा पटींनी बदलते, हे लक्षात घेतल्यास मलमाच्या दाहकतेची कल्पना यावी.

‘लाय’ असा उल्लेख असलेल्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असते. घरगुती वापराचे संच बहुधा ‘नो-लाय’ प्रकारचे असतात. त्यातील मलमात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच विरवलेला चुना असतो आणि सोबतच्या बाटलीतील ग्वानिडीन कार्बोनेट त्यात ऐन वेळी मिसळावयाचे असते. ‘नो-लाय’ या शब्दांमुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. हे मिश्रण डोक्याच्या त्वचेला तुलनेने सौम्य असले, तरी तेही तीव्र अल्कलीच आहे. शिवाय त्यातील कॅल्शियमचा थर केसांवर साचून केस कोरडे व निस्तेज होतात. एकदा मिसळलेले मिश्रण उरल्यास पुढच्या खेपेसाठी ठेवू नये.

भारतातील ब्यूटी पार्लरमध्ये होणारे ‘रिबाँडिंग’ आणि बहुतेक ‘स्मूदनिंग’ यांचे रसायन वेगळे असते. त्यात सामान्यतः अमोनियम थायोग्लायकोलेट वापरले जाते. ते गंधकाचे बंध तोडते आणि नंतर लावलेले हायड्रोजन पेरॉक्साइड ते बंध नव्या, सरळ स्थितीत पुन्हा जोडते. ही दोन्ही रसायने एकाच केसावर चालत नाहीत. रिबाँडिंग केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइड रिलॅक्सर लावला, अथवा रिलॅक्सर लावलेल्या केसांवर रिबाँडिंग केले, तर केसांची उरलीसुरली बळकटी नष्ट होते आणि ते कापसासारखे तुटतात. मध्ये काही महिने लोटले असले तरी फरक पडत नाही, कारण तो केस तोच असतो. रसायन लागलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत धोका कायम राहतो. पार्लरमध्ये पूर्वी काय लावले गेले याची खात्रीशीर माहिती नसेल, तर घरी रिलॅक्सरचा डबा उघडूच नये. वेष्टनावर घटकांची यादी, उत्पादकाचे नाव व पत्ता आणि वापराची अंतिम मुदत छापलेली नसल्यास तो संच घेऊ नये.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबणेही धोक्याचे आहे. अमेरिकेत १९९४ च्या सुमारास दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून विकल्या गेलेल्या ‘रिओ’ या उत्पादनाचा नैसर्गिक म्हणूनच गाजावाजा झाला होता. केस गळण्याच्या आणि हिरवे पडण्याच्या तीन हजारांहून अधिक तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. ते मलम अल्कली नव्हे, तर आम्लधर्मी निघाले.

पूर्वतयारी

ज्यांच्या डोक्यावर खरूज, फोड, ओरखडे किंवा कोणताही त्वचाविकार आहे, त्यांनी रिलॅक्सर लावू नये. ब्लीच केलेल्या केसांनाही तो वर्ज्य आहे. केस रंगविलेले असतील अथवा त्यांना बाजारातील तयार मेंदीची पूड लावलेली असेल, तर अधिक सावध राहावे. काही पुडींत धातूंचे क्षार वा अन्य रसायने मिसळलेली असतात. लहान मुलांच्या केसांवर हा प्रयोग करू नये आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो टाळावा.

लावण्यापूर्वी किमान दोन-तीन दिवस केस धुऊ नयेत, डोके खाजवू नये आणि घट्ट वेण्या घालू नयेत. कंगव्याने किंवा नखाने पडलेला बारीकसा ओरखडाही मलम लागताच झोंबू लागतो. शिवाय त्वचेवरील नैसर्गिक तेल थोडेफार संरक्षण देते. आदल्या दिवशी मागच्या बाजूची एक छोटी बट घेऊन तिच्यावर चाचणी करावी. ठरावीक वेळेनंतर ती धुऊन, वाळवून हलकेच ओढून पाहावी. बट रबरासारखी ताणली गेली किंवा तुटली, तर बेत रद्द करावा. ही चाचणी बहुतेकजणी टाळतात, आणि बहुतेक पश्चात्तापांची सुरुवात तेथेच होते.

साहित्य सगळे हाताशी असावे: प्लास्टिकचे भांडे व पळी, रबरी हातमोजे, पेट्रोलियम जेली, रुंद दातांचा प्लास्टिकचा कंगवा, चिमटे, जुना टॉवेल आणि गजराचे घड्याळ. ॲल्युमिनियमचे भांडे मुळीच वापरू नये. अल्कलीशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू निर्माण होतो. आपल्याकडील शहरांत ठरावीक वेळीच येणाऱ्या पाण्याचा विचार आधी करावा. डोके स्वच्छ होण्यास भरपूर वाहते पाणी लागते. टाकी भरलेली आहे याची खात्री न करता मलम लावावयास घेणे म्हणजे संकटास निमंत्रण होय.

मलम लावताना

कपाळाची कड, कानांचा वरचा व मागचा भाग, मान आणि भांगांमधील त्वचा यांवर पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. पूर्वी सरळ केलेल्या केसांवरही जेली अथवा जाडसर कंडिशनर चोपडावा. हा उपचार दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर होत असेल, तर मलम केवळ मुळाजवळच्या नव्या वाढीवरच लावावयाचे असते. टोकांपर्यंतचे केस प्रत्येक वेळी माखत राहिल्याने ते झिजत जातात. घरच्या घरी होणाऱ्या नुकसानीचे हे एक प्रमुख कारण आहे.

माहितीपत्रकात दिलेली मिनिटे ही पहिली बट माखल्यापासून धुण्यास प्रारंभ होईपर्यंतची असतात, की लावून झाल्यानंतरची, हे आधी नीट वाचावे. बहुतेक संचांत लावण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो आणि एकूण मुदत साधारणपणे वीस मिनिटांच्या आतच संपते. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू आरशात पाहून माखताना ही मिनिटे भराभर निघून जातात. शेवटची बट लागते तोवर पहिली गरजेपेक्षा अधिक काळ रसायनात राहिलेली असते. म्हणूनच दुसरी व्यक्ती मदतीस असावी. ते शक्य नसल्यास अनुभवी स्त्रिया डोक्याचे दोन भाग करून एक भाग आज आणि दुसरा काही दिवसांनी करतात. तयार, म्हणजे मिसळावे न लागणाऱ्या मलमाने हे सहज साधते. दुसरा भाग दरम्यान जेली लावून बांधून ठेवावा लागतो.

केसांचे चार भाग करून, बोटाच्या पेराएवढ्या जाडीच्या बटा घेत, मुळापासून सुमारे अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून मलम लावावे. कपाळावरचे आणि कानशिलावरचे नाजूक केस सर्वांत शेवटी घ्यावेत. नंतर बोटांनी अथवा कंगव्याच्या पाठीने केस हळुवार सपाट करावेत. बारीक दातांचा कंगवा या अवस्थेत फिरवू नये, कारण मऊ पडलेला केस ताणाने सहज तुटतो. किंचित वळण शिल्लक राहिले तरी हरकत नाही. पूर्ण काडीसारखे सरळ होईपर्यंत थांबणे म्हणजे केस अशक्त करणे.

जळजळ होऊ लागली म्हणजे औषध लागू पडत आहे, अशी समजूत अनेक देशांत रूढ आहे. ती सर्वथा चुकीची आहे. टोचणी वा चटका जाणवताच, घड्याळात कितीही मिनिटे उरलेली असोत, तत्काळ डोके धुवावे.

धुणे आणि तातडीचे उपाय

कोमट पाण्याच्या धारेखाली मलमाचा अंशही शिल्लक राहणार नाही, इतके केस धुवावेत. मान आणि कानामागची जागा हमखास राहून जाते. त्यानंतर संचातील न्यूट्रलायझिंग शाम्पू दोन-तीन वेळा लावावा. काही शाम्पूंचा फेस अल्कली उरली असल्यास गुलाबी होतो. तो पांढरा येईपर्यंत धुणे चालू ठेवावे. साधा शाम्पू याची जागा घेऊ शकत नाही. त्या दिवशी केसांना इस्त्री करू नये आणि रंग लावण्यापूर्वी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत.

मलम डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या ठेवून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. अल्कली डोळ्याच्या आतपर्यंत शिरत जाते, म्हणून वेदना कमी झाल्या तरी तपासणी टाळू नये. त्वचा भाजल्यास पाण्याखेरीज काही लावू नये. लिंबू, व्हिनेगर, हळद वा टूथपेस्ट यांनी इजा वाढण्याची शक्यता असते. फोड, स्राव किंवा केसांचे पुंजके गळणे आढळल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

दीर्घकालीन परिणामांबाबतचा एक महत्त्वाचा अभ्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षे मागोवा घेतला. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अनुमानित प्रमाण १.६४ टक्के होते; वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के आढळले. हा संबंध निरीक्षणातून दिसला आहे. ही उत्पादनेच कारण आहेत, असे त्यातून सिद्ध होत नाही. तथापि वापर जितका कमी तितके बरे, असा अर्थ वापरणाऱ्यांनी त्यातून घेण्यास हरकत नाही.

‘केराटिन’ अथवा ‘ब्राझिलियन’ या नावाने होणारे उपचार रिलॅक्सरहून निराळे आहेत. त्यांपैकी काहींत इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो मानवांत कर्करोगकारक असल्याचे २००४ मध्ये जाहीर केले आहे. बंद न्हाणीघरात असे उपचार करणे विशेष घातक होय. त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लायऑक्सिलिक आम्लामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणेही अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे दोन वेळांमध्ये आठ ते बारा आठवड्यांचे अंतर राखण्याचा सल्ला दिला जातो. ज्यांना हा उपचार थांबवावयाचा आहे, त्यांचे सरळ झालेले केस पुन्हा कुरळे होत नाहीत. नवे केस मुळातून मूळच्या वळणाचे येतात. जुना व नवा भाग जेथे मिळतो तेथे केस सर्वांत कमकुवत असतो. काही स्त्रिया सरळ भाग एकाच वेळी कापून टाकतात, तर काही दर दोन-तीन महिन्यांनी थोडाथोडा कापत एक-दोन वर्षांत मूळच्या केसांवर येतात. तोवर केस ओले करूनच, टोकांकडून मुळाकडे, रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावेत.